पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ : बराकपूरच्या रस्त्यावरून दिसलेला निवृत्तीचा इतिहास

शास्त्रज्ञांचे निवृत्तीचे वय वाढवावे की नाही, हा वाद आपल्याकडे दर चार-दोन वर्षांनी नव्याने उभा राहतो. एक पक्ष म्हणतो, अनुभव परिपक्व झाला की माणसाला घरी बसवायचे, हे देशाचे नुकसान आहे. दुसरा म्हणतो, ज्येष्ठ जागा सोडत नाहीत म्हणून तिशी उलटलेले पीएच.डी.धारक वर्षावर्षाच्या करारावर दिवस काढतात. मी वयाने आणि परिस्थितीने दुसऱ्या पक्षात मोडते, हे आरंभीच सांगून टाकते. भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळून काही वर्षे झाली, कायमची नेमणूक अजून दूर आहे. तेव्हा या प्रश्नात मी तटस्थ आहे, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही एक कुतूहल मनात होते. पंचावन्न, अठ्ठावन्न, साठ हे आकडे आले कोठून? ते कोणत्या मोजमापावर आधारलेले आहेत? योगायोग असा की सध्या मी जेथे राहते, त्या बराकपूरकडे येणाऱ्या एकाच रस्त्यावर या प्रश्नाच्या इतिहासाची बरीच पाने विखुरलेली आढळली.

कोलकात्याच्या श्यामबाजारपासून हुगळीच्या पूर्वतीराने उत्तरेकडे जाणारा बराकपूर ट्रंक रोड प्रथम वराहनगर ओलांडतो. पुढे पानिहाटी, खडदह आणि टिटागढच्या तागगिरण्यांच्या बाजूने तो बराकपूरच्या लष्करी छावणीपाशी पोहोचतो. वराहनगर हे आज बराकपूर उपविभागातच मोडते. या पंधरा-वीस किलोमीटरांत एक जुनी छावणी, जगाला संख्याशास्त्र शिकवणारी एक संस्था, शेतीसंशोधनाच्या दोन राष्ट्रीय संस्था आणि हजारो गिरणी कामगारांच्या वस्त्या आहेत. माणूस कामाच्या ठिकाणी म्हातारा होतो तेव्हा त्याचे काय करायचे, या प्रश्नाला या चौघांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

सर्वांत जुने उत्तर छावणीचे. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरच्या कवायतीच्या मैदानावर मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या दिवशी मैदानावर घोडा घालणारा इंग्रज सेनापती जॉन हिअर्सी १७९३ साली जन्मलेला, म्हणजे साठी ओलांडलेला होता, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. तो अपवादही नव्हता. मेरठचा ह्यूइट आणि कानपूरचा व्हीलर हे सेनापतीही साठीपलीकडचेच होते. कंपनीच्या बंगाल लष्करात बढती सेवाज्येष्ठतेने मिळे. त्यामुळे हिंदी शिपाई सुभेदारपदापर्यंत पोहोचेतो बहुधा म्हातारा झालेला असे. तुलनेने मुंबई लष्करात गुणवत्तेला अधिक वाव होता, आणि तेथील जॉन जेकबसारखे अधिकारी बंगालच्या या पद्धतीवर कठोर टीका करीत.

पण ज्येष्ठतेची ही पद्धत निव्वळ मूर्खपणा होती, असे म्हणता येत नाही. शिपायाच्या दृष्टीने तिच्यात एक मोठा गुण होता. वर्षे मोजायला कोणाची मर्जी लागत नाही. साहेबाचा आवडता असो वा नावडता, ज्याची वर्षे भरली त्याची पाळी आली. वयावर आधारलेल्या प्रत्येक नियमाचे बळ आणि दौर्बल्य, दोन्ही येथेच आहेत. तो पक्षपात करीत नाही. आणि समोरच्या माणसाकडे पाहतही नाही.

नागरी नोकरीतील निवृत्तीच्या वयाची कथा यापुढची. जगभर सांगितली जाणारी एक आख्यायिका अशी की जर्मनीच्या बिस्मार्कने पासष्ट हे वय ठरवले आणि तेव्हापासून ते रूढ झाले. वास्तविक १८८९ च्या जर्मन कायद्यात वार्धक्यवेतनाचे वय सत्तर होते. ते पासष्टवर १९१६ साली आले, बिस्मार्कच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी. कायदा झाला तेव्हा खुद्द बिस्मार्क चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि साम्राज्याचा कारभार पाहत होता. भारतात इंग्रजी अमलातील सरकारी नोकर सर्वसाधारणपणे पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. स्वातंत्र्यानंतरही ही रेषा कायम राहिली. केंद्र सरकारने १९६२ च्या अखेरीस ती अठ्ठावन्नवर नेली, १९९८ च्या मे महिन्यात साठवर.

आज या रेषांचा अक्षरशः गुंता झाला आहे. बराकपूरमध्येच केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्था आणि नीलगंज येथे ताग व तत्सम तंतूंची केंद्रीय संशोधन संस्था आहे. दोन्ही भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या. तेथील शास्त्रज्ञ बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याच फाटकातून आत जाणारा कार्यालयीन कर्मचारी साठाव्या. पश्चिम बंगालच्या राज्य विद्यापीठातील प्राध्यापक पासष्टपर्यंत शिकवतो. महाराष्ट्र शासनाचा बहुसंख्य कर्मचारीवर्ग अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातो. मानवी शरीर आणि बुद्धी या सर्वांची एकाच जातीची आहे. तेव्हा हे आकडे शरीरशास्त्राने दिलेले नाहीत, एवढे तरी उघड आहे. ते तिजोरी, बढत्यांची रांग आणि त्या त्या काळचे राजकारण यांनी दिलेले आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘पूर्वी सरासरी आयुष्यच बत्तीस वर्षांचे होते, मग पंचावन्नला निवृत्ती घ्यायला जगत कोण होते?’ असे अनेकदा विचारले जाते. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील जन्मवेळचे आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते, हे खरे. पण या सरासरीचा अर्थ नीट घ्यावा लागतो. दहा मुलांपैकी चार पहिल्या वर्षातच दगावली आणि उरलेली सहा पंचावन्न वर्षे जगली, असे समजा. सरासरी येते तेहतिसाच्या जरा वर. या दहांपैकी तेहतिसाव्या वर्षी मेलेला मात्र एकही नाही. आयुर्मान खाली ओढत होते ते प्रामुख्याने बालमृत्यूंनी. नोकरीत शिरलेला तरुण या चाळणीतून आधीच पार पडलेला असे, आणि पंचावन्न गाठलेल्यांपैकी पुष्कळांपुढे आणखी बरीच वर्षे असत. प्रश्न त्या वर्षांचा होता.

त्या वर्षांत काय होऊ शकते, याचे भारतीय विज्ञानातील सर्वांत ठळक उदाहरण याच रस्त्यावर, वराहनगरला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस हे मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी तेथेच डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाखालील क्षेत्र नमुना पाहणीने मोजण्याचे काम हाती घेतले. प्रत्येक शेत मोजण्याऐवजी थोडी शेते शास्त्रशुद्ध रीतीने निवडायची आणि त्यांवरून संपूर्ण प्रांताचा अंदाज बांधायचा, शिवाय त्या अंदाजात चूक किती असू शकते तेही सांगायचे. टिटागढच्या गिरण्यांत येणाऱ्या तागाच्या निमित्ताने नमुना पाहणीचे शास्त्र या देशात मोठ्या प्रमाणावर राबवले गेले.

महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ चा. १९४८ साली त्यांनी पंचावन्न गाठले आणि त्याच वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यपदावरून ते निवृत्त झाले. सरकारी दप्तराच्या दृष्टीने त्यांची कामाची वर्षे येथे संपली. आता पुढची यादी पाहा. १९४९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद सांख्यिकी सल्लागार. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचा प्रारंभ. १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना. १९५६ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे सैद्धांतिक प्रारूप. आज महालनोबिस हे नाव ज्या कामांसाठी घेतले जाते, त्यातील निम्म्याहून अधिक काम एका निवृत्त प्राचार्याने केलेले आहे.

मात्र या कथेची दुसरी बाजू लपवू नये. ज्या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी एका पदातून मोकळीक मिळाली, त्याने स्वतःच्या संस्थेत स्वतःसाठी अशी कोणतीही रेषा आखली नाही. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी महालनोबिस गेले, तोपर्यंत संस्थेची सूत्रे त्यांच्याच हाती होती. संस्था त्यांच्यामुळे उभी राहिली आणि त्यांच्या छायेतच वाढली. त्या छायेत काम करणे सर्वांनाच सोपे गेले नाही.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव जे. बी. एस. हाल्डेन यांचे. जुलै १९५७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्राध्यापकपद सोडून ते वराहनगरला आले तेव्हा त्यांचे वय चौसष्ट होते. योगायोगाने हाल्डेन यांचा वार्धक्याच्या जीवशास्त्राशीही जवळचा संबंध आहे. १९४१ सालच्या आपल्या एका पुस्तकात त्यांनी हंटिंग्टनच्या रोगाविषयी एक विचार मांडला होता. हा आनुवंशिक रोग बहुधा मध्यम वयात प्रकट होतो. तोपर्यंत रोग्याला मुले झालेली असतात. त्यामुळे निसर्गाच्या निवडीला तो घातक जनुक वेळेवर सापडतच नाही. पुढे पीटर मेडावार यांनी हाच धागा धरून वार्धक्याची उपपत्ती विस्ताराने मांडली. उतारवयात उपद्रव देणारे जनुक निवडीच्या नजरेआड राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात, असा तिचा गाभा. तिच्यातून कामाच्या जगाला उपयुक्त अशी एक गोष्ट निघते. वार्धक्य ही ठरलेल्या मुहूर्तावर वाजणारी घंटा नाही. कोणाच्या वाट्याला कोणते जनुक, कोणते हवापाणी, कोणते कष्ट आले, त्यानुसार ते माणसामाणसांत वेगळ्या वेगाने उतरते.

हाल्डेन यांचे स्वतःचे उदाहरण हेच सांगते. महालनोबिस यांच्याशी मतभेद होऊन १९६१ मध्ये त्यांनी सांख्यिकी संस्था सोडली आणि पुढे भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. १९६३ साली, म्हणजे सत्तरीत, त्यांनी सुरेश जयकर या तरुण सहकाऱ्याबरोबर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. निवडीची दिशा पिढीगणिक बदलत राहिली, तर एकाच जीवजातीत भिन्न रूपे कशी टिकून राहतात, हा त्याचा विषय. लोकसंख्या-आनुवंशिकीत तो निबंध आजही आधार म्हणून उद्धृत होतो. पुढच्याच वर्षी, १ डिसेंबर १९६४ रोजी, हाल्डेन यांचे कर्करोगाने निधन झाले. अखेरपर्यंत त्यांच्याभोवती विद्यार्थी होते, आणि निबंधावर विद्यार्थ्याचे नाव बरोबरीने होते.

तिसरे नाव सी. आर. राव यांचे. १९४५ साली जेमतेम पंचविशीत असताना कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये त्यांनी एक निबंध छापला. त्यातील एक निष्कर्ष आज ‘क्रामेर-राव मर्यादा’ म्हणून ओळखला जातो. महालनोबिस यांच्यानंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी संस्था सोडली आणि अमेरिकेत पिट्सबर्ग व नंतर पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात आणखी दोन दशकांहून अधिक काळ अध्यापन आणि संशोधन केले. २००२ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले तेव्हा ते ऐंशी ओलांडून गेले होते. संख्याशास्त्रातील आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना २०२३ साली जाहीर झाला, तो त्याच १९४५ च्या निबंधासाठी. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी ते गेले. राव यांनी पंचविशीत केलेले काम मोठे की साठीनंतर घडवलेले विद्यार्थी आणि ग्रंथ मोठे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. आपल्याकडच्या रेषेपलीकडची त्यांची वर्षे अमेरिकेला मिळाली, ही वस्तुस्थिती आहे.

अर्थात तीन थोरांच्या चरित्रांवरून नियम काढू नये. संख्याशास्त्राच्या दारात उभे राहून ही चूक करणे तर अक्षम्य ठरेल. मग मोजमाप काय सांगते?

कामाच्या ठिकाणचे वय हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. केंब्रिजमध्ये १९४६ साली नफील्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने वार्धक्याच्या प्रश्नांवर संशोधन करणारा एक विभाग सुरू झाला. त्याची धुरा ॲलन वेलफर्ड यांनी वाहिली; त्यांचे ‘एजिंग अँड ह्यूमन स्किल’ हे पुस्तक १९५८ चे. प्रयोगशाळेतील चाचण्या आणि कारखान्यांतील नोंदी ताडून पाहता या गटाला असे दिसले की वाढत्या वयाची खरी अडचण श्रमाच्या जडपणापेक्षा यंत्राने लादलेल्या गतीची असते. प्रौढ कामगार स्वतःच्या लयीने काम करू शकला, तर अनुभवाच्या बळावर मंद झालेल्या हालचालींची भरपाई करतो. यंत्राचा पट्टा त्याच्यासाठी थांबत नसेल, तर तो मागे पडतो. फिनलंडमध्ये १९८१ पासून नगरपालिकांच्या सहा हजारांवर कामगारांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. त्या कामातूनच युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कार्यक्षमता निर्देशांक’ घडवला. वय तेच असूनही कोणाची क्षमता टिकते, कोणाची ढासळते. आणि वरिष्ठांची वागणूक, कामाची रचना, विश्रांती या गोष्टींना त्यात मोठा वाटा असतो, असे त्यांना आढळले.

बुद्धीच्या कामाविषयी हार्वे लेमन यांचे १९५३ चे ‘एज अँड अचीव्हमेंट’ हे पुस्तक प्रसिद्ध आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांत श्रेष्ठ कामगिरी तिशीत शिखर गाठते, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वेन डेनिस यांनी नेमका आक्षेप घेतला. जे अल्पायुषी ठरले, त्यांचे म्हातारपणीचे काम मोजायला शिल्लकच नसते. अशांची नावे यादीत मिसळली की वक्र आपोआप तारुण्याकडे झुकतो. २०१६ मध्ये बाराबाशी यांच्या गटाने भौतिकशास्त्रज्ञांच्या निबंधांची छाननी करून आणखी एक गोष्ट दाखवली. एखाद्या शास्त्रज्ञाचा सर्वांत प्रभावी निबंध त्याच्या निबंधांच्या क्रमात कोठेही पडू शकतो. तारुण्यात तो अधिक वेळा दिसतो, कारण तारुण्यात निबंध अधिक लिहिले जातात. म्हणजे वयाबरोबर घटते ते प्रामुख्याने प्रयत्नांचे प्रमाण.

दुसऱ्या पक्षाकडेही भक्कम पुरावा आहे. जीवविज्ञानातील ज्या नामवंतांचा अकाली मृत्यू झाला, त्यांच्या क्षेत्रांचे पुढे काय झाले, हे पिएर अझुले आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासले. त्या क्षेत्रांत बाहेरच्या संशोधकांचा शिरकाव वाढला आणि त्यांच्या निबंधांपैकी अनेक विलक्षण प्रभावी ठरले. मोठ्या झाडाखाली रोपटी वाढत नाहीत, ही आपल्याकडची जुनी समजूत आकड्यांनी बरीचशी खरी ठरवली. अमेरिकेत १९९३ च्या अखेरीस प्राध्यापकांची सक्तीची निवृत्ती कायद्याने बंद झाली. तिचा परिणाम ॲशेनफेल्टर आणि कार्ड यांनी मोजला, तेव्हा सत्तर-एकाहत्तरीत निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण एकदम घसरलेले दिसले. रेषा पुसली की अनेकजण खुर्चीत राहतात.

येथे मला राव यांची मर्यादा आठवते. भौतिकशास्त्रात आम्ही ती रोज वापरतो. गुरुत्वीय लहरींच्या क्षीण संकेतातून कृष्णविवरांची वस्तुमाने किती अचूक काढता येतील, याचा प्राथमिक अंदाज तिच्याच आधारे बांधला जातो. हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो वेधशाळेतही तो बांधला जाईल. ती मर्यादा असे सांगते : निरीक्षणांत जेवढी माहिती दडलेली आहे, तिच्यापलीकडे अचूकता नेता येत नाही. एका बाजूला न झुकणारी कोणतीही पद्धत वापरा, चूक एका पातळीखाली उतरणार नाही. आता ‘हा माणूस आणखी पाच वर्षे काम करू शकेल का?’ हा प्रश्न घ्या, आणि निरीक्षण म्हणून हाती फक्त जन्मतारीख ठेवा. वर सांगितलेले सर्व अभ्यास एकच सुचवतात, की या एका आकड्यात त्या प्रश्नाविषयी फार थोडी माहिती आहे. मग रेषा अठ्ठावन्नवर ओढा, साठवर किंवा पासष्टवर. प्रत्येक रेषा काही समर्थांना बाहेर काढील आणि काही थकलेल्यांना आत अडकवील. रेषा हलवून हा दोष जात नाही. आणि प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेऊ म्हटले, तर परीक्षक कोण, हा बंगाल लष्करातील शिपायाचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

हा सगळा विचार मी करीत होते तो पगारी, निवृत्तिवेतन असलेल्या लोकांविषयी. तो अपुरा आहे, हे मला माझ्या घरमालकांमुळे कळले. मी त्यांना जेठू म्हणते, ते मला ‘मा’ म्हणून हाक मारतात. तीस-बत्तीस वर्षे एका तागगिरणीच्या कताई खात्यात काढून ते अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडले. ग्रॅच्युइटी हप्त्याहप्त्याने आणि खेटे घालून मिळाली. आज सत्तरीजवळ आलेले जेठू रात्री एका निवासी इमारतीच्या फाटकावर पहारा देतात. एका पहाटे ते परतत होते, मी शियालदह लोकल गाठायला निघाले होते. मी विचारले, ‘‘जेठू, आता तरी आराम करायचा ना?’’ ते हसून म्हणाले, ‘‘मिल सुटली मा, ड्यूटी कुठे सुटली?’’

या प्रदेशाला हा प्रश्न नवा नाही. ग्रॅच्युइटीचा देशव्यापी कायदा १९७२ चा. त्याआधी १९७१ मध्येच पश्चिम बंगालने स्वतःचा कायदा केला होता. पाच वर्षांच्या सेवेनंतर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, हे सूत्र त्या काळी मोठी प्राप्ती होती. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही अठ्ठावन्न हेच वय आहे. २०१४ पासून त्यातील किमान मासिक वेतन एक हजार रुपये आहे. ज्यांना तेवढेही नाही अशा दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत साठ ते एकोणऐंशी या वयोगटाला केंद्राचा वाटा महिन्याला दोनशे रुपये. राज्ये त्यात आपली भर घालतात. तरीही या रकमांवर आराम विकत घेता येत नाही.

आणि हे किती जणांचे वास्तव आहे, तेही याच रस्त्यावर मोजले गेले. महालनोबिस यांनी सुरू केलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने १९८६-८७ च्या बेचाळिसाव्या फेरीत देशातील वृद्धांची सविस्तर पाहणी केली. त्या पाहणीयंत्रणेची कार्यालये आजही वराहनगरला, महालनोबिस भवनात आहेत. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर यांनी लोकसंख्याशास्त्रात दीर्घकाळ जन्म आणि कुटुंबनियोजनाचा अभ्यास केला. नंतर त्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. भारतातील वृद्धांवरचे त्यांचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस व त्यावरील वयाच्या बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी केली. साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक अजून काम करीत असल्याचे तिच्यात दिसले. यातले बहुतेकजण शेतीत किंवा असंघटित कामांत आहेत. त्यांना निवृत्तीचे वयच नाही. त्यांचे काम शरीर थांबवते.

या इतिहासातून मला एकच गोष्ट निःसंदिग्धपणे दिसते. आपण पद आणि काम यांची गल्लत करतो. १९४८ साली महालनोबिस यांचे पद गेले आणि त्यांचे सर्वांत मोठे काम सुरू झाले. पण स्वतःच्या संस्थेत पद आणि काम त्यांनी एकच ठेवले, आणि तेथेच ताण निर्माण झाले. हाल्डेन यांच्याजवळ अखेरीस मोठे पद नव्हते, पण विद्यार्थी आणि काम होते. राव यांना कामासाठी देश सोडावा लागला. आणि जेठूंचे पद गेले, पण काम सोडण्याची ऐपत त्यांना कधी आली नाही.

तेव्हा माझे मत असे. पदाला रेषा असावी, आणि ती सर्वांना सारखी लागू असावी. ती अचूक नाही, हे मान्य करूनच असावी. कारण जागा मोजक्या आहेत आणि मर्जीपेक्षा तारीख बरी. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवलेला नाही. पण पद सुटल्यावर ज्याला काम करायचे आहे त्याला टेबल, ग्रंथालय, संगणक आणि विद्यार्थ्यांशी बोलण्याची मुभा राहावी. सही, निधी आणि नेमणुका यांचे अधिकार मात्र पुढच्या पिढीकडे जावेत. विज्ञानसंस्थांना हे फार खर्चाचे नाही.

खर्चाचे आहे ते दुसरे अर्धे, आणि शास्त्रज्ञांच्या वादात ते सहसा ऐकू येत नाही. ज्याला थांबायचे आहे त्याला थांबता आले पाहिजे. निवृत्तीचे वय साठ असावे की बासष्ट, यावर आपण तावातावाने बोलतो, तेव्हा टिटागढच्या एखाद्या फाटकावर सत्तरीतला माणूस रात्रपाळीला बसलेला असतो. त्याच्यासाठी त्या आकड्याला अर्थ येईल तो त्याच्यामागे पुरेसे वेतन उभे राहील तेव्हाच.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात नुकतेच निवृत्त झालेले, होऊ घातलेले, किंवा कधीच निवृत्त न झालेले कोणी तरी असेल. त्यांना एकदा विचारून पाहा : पद सुटल्यावर त्यांना काय करायचे होते, आणि प्रत्यक्षात काय करावे लागले? या दोन उत्तरांतील अंतर कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात पूर्णपणे उतरत नाही. ते येथे लिहिलेत, तर मला वाचायला आवडेल.